लाल दोरेवाले काका आणि इंग्लिशच्या साइट

परवा कॉलेजच्या एका ज्युनियरचा मेल आला. दीदी, इंग्लिश सुधारायचंय, नेटवर चांगल्या साइट कोणत्या, जरा लिस्ट पाठव ना. मी लगेच टाइप करायला बसले. टायपिंगला मला वेळ लागत नाही, पोटापाण्याचा धंदाच तो आहे. पण एक नंबर टाकला, टिंब दिलं आणि पुढे गाडीच सरकेना. कारण कानात आवाज आला, "आधी शेवटचा धडा उघड."

मतलब लिस्ट राहिली बाजूला आणि मी हे लिहायला लागले. तसंही मी ज्या साइटवर शिकले त्यातल्या निम्म्या आता उघडतही नाहीत. साइट येतात आणि जातात. त्यापेक्षा ज्यानं त्या निवडायला शिकवलं त्या माणसाबद्दलच सांगते.

माणूस म्हणजे काका. सख्खे नाहीत, बाबांच्या मिलमधले. बाबा टाइम ऑफिसमध्ये होते आणि काका घडी खात्यात. घडी खातं म्हणजे कापड विणून, रंगवून झालं की शेवटी जिथे येतं, तपासलं जातं, घड्या पडतात आणि गाठी बांधून बाहेर जातं. काकांचं काम तपासायचं. काचेच्या टेबलावरून कापड सरकायचं, खालून उजेड, वर काका उभे. कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग, कुठे वीण सैल, की तिथल्या तिथे कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा. थान, म्हणजे अख्खा तागा, संपलं की दोरे मोजायचे. एकही नाही तर माल फ्रेश. थोडे असले तर सेकंड. फारच झाले तर चिंधी. फ्रेश मालाला काका "वा" वगैरे म्हणत नसत. म्हणायचे, "जाऊ दे पुढे." यापेक्षा मोठी तारीफ त्यांच्याकडे नव्हती.

मग मिल बंद झाली. इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत होत्या तेव्हा मी शाळेत होते. बाबांच्या मिलचा नंबर लागला आणि कुणी ऑटो घेतला, कुणी सेव-परमलचा, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांचा, ठेला लावला. आमचे बाबा काहीच करेनात. पहाटे साडेपाचला मिलचा भोंगा व्हायचा, तो बंद होऊन वर्षं झाली तरी बाबा बरोबर साडेपाचला उठणार, आंघोळ करणार, इस्त्रीचा शर्ट घालणार आणि जुनी इंदूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांतल्या खाटेवर बसून राहणार. कुठे जायचं नसायचं. पण झोपूनही राहवायचं नाही.

काकांचं उलटं. त्यांचं टेबल मिलमध्ये राहिलं आणि नजर त्यांच्याबरोबर घरी आली. ते तपासतच राहिले. ठेल्यावरची भेंडी, लग्नाच्या पत्रिका, शेजाऱ्यानं नवीन रंगवलेला दरवाजा. बाबा सांगतात, एकदा भर रस्त्यात भेटले तर नमस्कार करायच्या आधी काकांनी बाबांच्या शर्टाचा कोपरा उलटा करून पाहिला. शर्ट बाबांच्या अंगावर असताना. वर म्हणाले, "पुढून सगळेच चांगले असतात."

त्यांचं घर स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. पुढची खोली त्यांनी सायबर कॅफेला भाड्यानं दिली होती. कॅफे चालवणारे भिया, म्हणजे आमच्या इंदुरी बोलीतले भैया, हिंदीवाले, वयानं माझ्यापेक्षा थोडेच मोठे, चार कॉम्प्युटर, एक कूलर आणि हेडफोन असे की त्यांचा फोम कुणीतरी कुरतडून खाल्ल्यासारखा. सकाळी दहा ते अकरा कॅफे रिकामा असायचा. तो एक तास कोपऱ्यातला कॉम्प्युटर घरमालकाचा. आणि घरमालक खुर्चीवर बसत नसत. एकोणतीस वर्षं उभं राहून काम केलेल्या माणसाला बसून डोळ्यांनी काही दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भियांनी मॉनिटर विटांवर चढवला होता आणि काका त्याच्यासमोर उभे, गळ्यात दोरीला लटकवलेलं कापड बघायचं छोटं भिंग.

ते भिंग काका मॉनिटरला लावायचे.

"काकाजी, स्क्रीन पे मत लगाओ, खरोंच आ जाएगी," भिया रोज म्हणायचे.

"तेरी स्क्रीन तीन धागों की है भिया," काका भिंगावरून डोळा न हलवता. "लाल, हरा, नीला. सफेद तो इसमें है ही नहीं. सफेद बताकर बेच रहे हैं."

आम्ही हसलो होतो. नंतर मी स्वतः भिंग लावून पाहिलं. खरंच पांढरं कुठेच नव्हतं. नुसते तीन रंगांचे बारीक ठिपके. तेव्हापासून मी त्यांच्यावर जरा कमी हसायला लागले.

इंग्लिशचं खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते ऐका. मिल बंद झाल्या आणि त्याच गल्ल्यांमध्ये इंग्लिश स्पीकिंगचे बोर्ड लागले. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. काका पण गेले. तीस दिवस एकही खाडा न करता. एकतिसाव्या दिवशी घरी बसून आठवायला लागले तर "हाऊ डू यू डू" च्या पुढे काही नाही. ते उठून क्लासच्या सरांकडे गेले आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या मालाला खळ फार आहे."

खळ म्हणजे कोऱ्या कापडाला लावतात ती. तिनं कापड कसं कडक, भरलेलं, चकचकीत दिसतं. दुकानात हात फिरवला की वाटतं, काय माल आहे. घरी नेऊन एकदा पाण्यात घातलं की खळ उतरते आणि हातात राहतं जाळीदार फडकं. काकांचं सगळं तत्त्वज्ञान या एका गोष्टीवर उभं होतं. धुऊन बघ, मग बोल.

नेटवरच्या इंग्लिशच्या साइट ते अशाच तपासायचे. स्वतःचं इंग्लिश बेताचं, अक्षर अक्षर लावून वाचायचे, पण हातानं कापड विणता येत नसलं तरी तपासता येतं, असं म्हणायचे. पद्धत ठरलेली. साइट उघडली की पहिला धडा बघायचाच नाही. सरळ शेवटचा. "कापडाचा पहिला वार दुकानदाराला दाखवायला असतो. शेवटचा वार गिऱ्हाइकाच्या अंगावर येतो." दहातल्या सहा साइट इथेच पडायच्या, कारण पहिले तीन धडे झकास आणि शेवटच्यावर क्लिक केलं की पानच नाही. मग उलटी बाजू. कुणी बनवली, कुठला माणूस, शेवटची कधी बदलली, खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय. भिंग लावून. मग एक धडा मन लावून करायचा आणि साइट बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न बघता, स्वतःलाच विचारायचं, काय उरलं? हे धुणं.

प्रत्येक साइटचा जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर नाव, आणि जेवढे दोष तेवढे लाल दोरे भोक पाडून बांधलेले. खिळ्याला तार, तारेत पुठ्ठे ओवलेले. साइटचं खरं नाव त्यांना आवडत नसे, स्वतःचं ठेवायचे. टायवाला. बदकवाली. पाद्रीबाबा. एक होती तिला ते सरळ चोर म्हणायचे, कारण ती दर दोन मिनिटांनी खिडकी उघडून सांगायची की तुम्ही बक्षीस जिंकलंय.

आता मी यात कुठे आले ते.

तेव्हा मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं नवीन वारं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर रिपोर्ट बोलून ठेवतात, ते रेकॉर्डिंग इथे येतं आणि आपण ऐकून टाइप करायचं. तुकोगंजमध्ये एक ऑफिस उघडलं होतं, एसी, काचेचे दरवाजे. टायपिंगमध्ये मी कॉलेजात पहिली, म्हटलं हे माझंच काम. टेस्टला गेले. हेडफोन लावला आणि त्यात जे काही बोलत होते ते इंग्लिश आहे हेही मला समजेना. माझं शिक्षण हिंदी मीडियम, घरी मराठी, इंग्लिश जे काय यायचं ते डोळ्यांनी. कानांनी कधी शिकलेच नव्हते. पण मी हार मानली नाही, जे वाटलं ते ठोकत गेले. एकही जागा रिकामी सोडली नाही. बाहेर येताना स्वतःवर खूश होते.

फेल. आणि नियम असा की दोनच चान्स. दुसऱ्यांदा फेल झालं तर पुन्हा अर्जच घेत नाहीत.

त्या दिवशी घरी सांगितलं तेव्हा बाबा खाटेवर बसलेले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी एवढंच विचारलं, "मग पुढचं कधी आहे?" आई शेजारच्यांचे ब्लाउज शिवायची आणि घर त्यावर चाललं होतं. बाबांच्या त्या प्रश्नानं मला जेवढं टेंशन आलं तेवढं फेल झाल्यावर आलं नव्हतं. कारण त्यांच्या आवाजात उत्सुकता होती. किती वर्षांनी त्यांना कशाची तरी तारीख हवी होती.

बाबांनीच मला काकांकडे पाठवलं. म्हणाले, "माणूस चक्रम आहे. पण त्यानं पास केलेलं कापड परत आलेलं मी पाहिलं नाही."

मी दुसऱ्या दिवशी दहाला हजर. सगळं सांगितलं, ऐकायला शिकायचंय, सहा आठवडे आहेत. काकांनी मला आधी पुढून पाहिलं, मग म्हणाले, "मागे वळ."

"काका?"

"वळ ना. वेणीतला दोरा सुटलाय का बघतोय." सुटला होता. "हं. घाईची आहेस. बस."

तारेवर लालच लाल दिसत होतं. साठ-सत्तर पुठ्ठे असतील, आणि अख्ख्या तारेत एकच पुठ्ठा बिनदोऱ्याचा. त्यांनी तो काढून माझ्यासमोर ठेवला. सावकाशबाई.

या साइटवर एक बाई बातम्या वाचायची, इतक्या सावकाश आणि इतक्या स्वच्छ की प्रत्येक शब्द ताटात वाढल्यासारखा. खाली लिहिलेलं पण यायचं. शेवटचा धडा जागेवर, उलटी बाजू साफ. मी रोज तासभर सावकाशबाई ऐकायला लागले. दुसऱ्या सकाळी काका विचारायचे, "काय उरलं?" आणि खरंच उरायचं. आधी पाच शब्द, मग वीस, मग अख्खी वाक्यं. चार आठवड्यांत बाईचं बोलणं मी तिच्याबरोबरीनं टाइप करायला लागले. भिया मागे उभे राहून बघायचे. "दीदी, तुम तो मैडम के मुँह से छीन रही हो."

मी घरी जाऊन बाबांना म्हटलं, यावेळी होणार. बाबांनी कॅलेंडरवर तारखेला गोल केला.

मग कंपनीतून सरावाची सीडी आली. दुसऱ्यांदा बसणाऱ्यांना ते टेस्टच्या दोन आठवडे आधी एक द्यायचे. मी धावत कॅफेत. एक हेडफोन, एका कानाला मी, एका कानाला काका उभ्याउभ्या वाकून. प्ले.

एक माणूस बोलत होता. का जेवत होता, देव जाणे. तोंडात काहीतरी होतं. मागे कुणाचा तरी फोन वाजत होता, एक दरवाजा आपटला, आणि शब्द असे एकमेकांत गुंतलेले की कुठे एक संपला आणि दुसरा सुरू झाला कळेना. पहिल्या टेस्टला जे ऐकलं होतं तेच हे. चार आठवडे मला वाटत होतं की तेव्हा माझं इंग्लिश कच्चं होतं म्हणून ते तसं ऐकू आलं. आता कळलं, ते तसंच होतं.

"परत लाव," काका म्हणाले. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मला काही म्हणजे काही समजलं नाही. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि रडायला लागले, खरं सांगते. डोळ्यांसमोर घरचं ते गोल केलेलं कॅलेंडर येत होतं.

काकांनी तारेवरच्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं. मग शेजारची खुर्ची ओढून ते प्रथमच बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी तुला फ्रेश माल दिला."

मी नाक पुसत म्हटलं, "मग काय झालं? चांगलाच दिला ना."

"अगं, तुला काय कापड नेसायचंय? तुला घडी खात्यात उभं राहायचंय. तिथे समोरून येतो तो सगळा माल फॉल्टी म्हणूनच धरायचा. तसा येतो म्हणून तर माणूस ठेवतात." मग म्हणाले, "मी कामाला लागलो तेव्हा आमच्या जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं, सहा महिने मला चांगलं कापड हातात दिलं नव्हतं. नुसत्या चिंध्या. डोळा चिंध्यांवर तयार होतो. एवढी साधी गोष्ट, आणि मी विसरलो. चांगल्या मालाच्या नादात."

एवढं बोलून उठले आणि त्यांनी तारेवरचे सगळे पुठ्ठे खाली ओतले. मला वाटलं आता सगळ्याच साइट ऐकायला लावणार. नाही. ते जमिनीवर दोन ढीग करत बसले. ज्या साइट खोटं बोलल्या होत्या, तीस दिवसवाल्या, शेवटचा धडा नसलेल्या, चोर, त्या एकीकडे. "हे खोटे. हे चिंधीच." आणि ज्यांत नुसती खरखर होती, माणसं भराभर बोलत होती, मध्येच खोकत होती, त्या दुसरीकडे. "हे फाटके आहेत. पण सूत खरं आहे." सहा दोरेवाला एक पुठ्ठा त्यांनी वर काढला. कुत्रेवाली. कुठल्या तरी प्रोफेसरनं साध्या माणसांची साधी बोलणी रेकॉर्ड करून टाकली होती, बसस्टॉपवर, स्वयंपाकघरात, आणि पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये मागे कुत्रं भुंकत होतं. काकांनी कुत्र्यासाठी वेगळा दोरा बांधला होता.

"आजपासून ही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर कूलर माझ्या खुर्चीला चिकटवून ठेवलेला आणि फुल स्पीडवर. भियांचा चेहरा पडलेला.

"काकाजी, कस्टमर गर्मी में मर जाएँगे."

"दस से ग्यारह तेरा कस्टमर है कौन? और तू भी बोलता रह. जोर से. उधार वालों को फोन लगा."

आणि मी त्या घरघरीत, भियांच्या आरडाओरड्यात, कुत्रं ऐकत बसले. पहिले तीन दिवस डोकं फुटायची वेळ आली. चौथ्या दिवशी मी म्हटलं, काका, हे अशक्य आहे, या आवाजात कुणाला ऐकू येणार.

तेव्हा त्यांनी साचा खात्याची गोष्ट सांगितली. जिथे माग चालतात तिथे एवढा आवाज असतो की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. तरी दिवसभर सगळ्यांच्या गप्पा चालायच्या. "कारण निम्मं ऐकायचं आणि निम्मं आधीच माहीत असायचं. रामभाऊ बारा वाजता तोंड हलवतोय म्हणजे डब्याचंच बोलत असणार. तुला डॉक्टर ऐकू येत नाही कारण डॉक्टर काय बोलणार ते तुला माहीत नाही."

घरात गेले आणि एक मोठं पिवळं पाकीट घेऊन आले. त्यांचे स्वतःचे रिपोर्ट. कापसाच्या धुळीत एवढी वर्षं काढलेली छाती, तुकोगंजच्या क्लिनिकमध्ये दर सहा महिन्यांनी तपासलेली. एक्स-रे, रक्त, डॉक्टरांचे कागद, सगळे इंग्लिशमध्ये. "माझंच शरीर घे अभ्यासाला. घरचा माल आहे."

मला कसंतरीच झालं. पण त्यांना काहीच वाटत नव्हतं. मी मोठ्यानं वाचायचे, ते डोळे मिटून उभे. आधी तक्रार, मग ती कधीपासून, मग आधीचे आजार, मग तपासणीत काय दिसलं, मग औषध. दहा रिपोर्ट वाचले आणि लक्षात आलं, सगळे एकाच क्रमानं चालतात. "बघ," काका म्हणाले, "रंग वेगळे, वीण एकच."

एक गोष्ट राहिली होती. सीडीवर अजूनही काही शब्द कळत नव्हते, आणि मी तिथे जे सुचेल ते ठोकून देत होते. सवयच होती. काकांनी एकदा मागून पाहिलं. "हा शब्द ऐकलास?"

"नाही. पण तिथे तोच असणार."

"असणार म्हणजे?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "डागावर खडू फासते आहेस. मिलमध्ये असले लोक होते, डाग दिसला की वरून पांढरा खडू. थान पास, आणि डाग गिऱ्हाइकाच्या घरी. इथे तर आजारी माणूस आहे. नाही दिसलं तर दोरा बांध. लाजायचं नाही त्यात. दोरा बांधणं म्हणजेच काम."

त्या दिवसापासून जे ऐकू आलं नाही तिथे मी रिकामी रेघ ओढायला लागले. प्रत्येक रेघेला बोटांना त्रास व्हायचा, कसम से. भरभर टाइप करणाऱ्याला थांबणं सगळ्यात कठीण.

टेस्टच्या सकाळी बाबा साडेपाचला उठलेले होतेच. त्या दिवशी ते मला सोडायला सवारीच्या टेम्पोपर्यंत आले. इस्त्रीच्या शर्टाला पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं होतं.

हेडफोन लावला. डॉक्टर गाडीत बसून बोलत असावा, हॉर्न ऐकू येत होते. गुडघ्याचा पेशंट होता, काकांच्या छातीचा काहीच उपयोग नाही. पण पहिलं वाक्य अर्धं ऐकू आलं आणि अर्धं आधीच माहीत होतं. तक्रार. मग कधीपासून. मग आधीचे आजार. मला त्या घरघरीत एक रस्ता दिसत होता. चार ठिकाणी काही केल्या कळलं नाही. बोटं ठोकायला शिवशिवत होती. मी चार रेघा ओढल्या आणि पुढे गेले.

दुपारी सुपरवायझर मॅडमनी आत बोलावलं. समोर माझे दोन कागद, आधीचा आणि आजचा.

"पिछली बार तुमने एक भी जगह खाली नहीं छोड़ी थी," त्या म्हणाल्या. "और आधा अपने मन से बनाकर लिखा था. ऐसे लोगों को हम रख नहीं सकते. इस बार चार खाली हैं." त्यांनी रेघांवर पेन फिरवलं. "ये चार हमें भी मुश्किल से समझे. सोमवार से आ जाओ."

मी घरी जायच्या आधी स्नेहलतागंजला गेले. धावतच. काका मॉनिटरसमोर उभे, भिंग डोळ्याला.

"काका, मी..."

त्यांनी न वळता हात वर केला. "आज नको."

"अहो काका, पण झालं..."

"आज खळ आहे. चेहऱ्यावर दिसतेय. उद्या ये, धुऊन बघू."

"काकाजी, बोलने तो दो बेचारी को," भिया काउंटरवरून म्हणाले.

"तू तेरा कूलर देख."

मला राग आला, हसू पण आलं. घरी गेले, सांगितलं. आईनं शिलाई मशीन थांबवली आणि पदर डोळ्यांना लावला. बाबांनी एवढंच विचारलं, "ड्यूटी किती वाजता?" मी म्हटलं, नऊ. ते "नऊ" असं स्वतःशी दोनदा म्हणाले. कॅलेंडरवरचा गोल त्यांनी पुसला नाही, पण त्याच्याकडे परत बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नळाचा आवाज नव्हता. बाहेर आले तर इस्त्रीचा शर्ट खुंटीवर होता. आईनं ओठांवर बोट ठेवलं.

साडेआठपर्यंत मी वाट पाहिली, मग चहा घेतला आणि निघाले. दहाला कॅफेत पोचले. काकांनी भिंग गळ्यात सोडलं, माझ्याकडे वळले आणि रोजच्यासारखंच विचारलं, "काय उरलं?"

"बाबा अजून झोपलेत," मी म्हटलं. "मी निघाले तेव्हापर्यंत. आईनं उठवलं नाही."

 काकांना माहीत होतं, साडेपाचचा तो भोंगा त्यांनीही ऐकला होता. त्यांनी कूलर माझ्या खुर्चीपासून ओढून परत कोपऱ्यात नेला, तोंड कस्टमरच्या बाजूला केलं. भियांनी वर पाहिलं. मग काका कॉम्प्युटरकडे परतले, नवी कुठलीतरी साइट उघडली, शेवटच्या धड्यावर क्लिक केलं आणि पान उघडायची वाट बघत, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले,

"जाऊ दे पुढे."